शिक्षक पोर्टल भरतात, म्हणजे डिजिटल साक्षर झाले का?

अंतर्वक्र

शालार्थवर पगार, यू-डायस प्लसवर मुलांची माहिती, सरलवर संच मान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं), महाडीबीटीवर शिष्यवृत्ती, मग अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक), बोर्डाच्या साइटवर दहावीचे अर्ज आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, चॅटबॉटवर चाचण्यांचे गुण. शिवाय ग्रुपवर 'अत्यंत तातडीचे' म्हणून रोज येणाऱ्या लिंका वेगळ्याच. माध्यमिक शिक्षकाला कुणी डिजिटल निरक्षर म्हटलं की स्टाफरूममधून ही यादी तोंडावर फेकली जाते. मीही फेकते.

पण पुरावा म्हणून ही यादी कच्ची आहे. मी नाशिकला सिडको भागातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान आणि गणित शिकवते. डोळे मिटून यू-डायस भरणारे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. दहावीचा 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा आला की ते यूट्यूबवर धड्याचं नाव टाकतात, पहिला दिसेल तो व्हिडिओ टीव्हीवर लावतात आणि मागच्या बाकावर वह्या तपासत बसतात. व्हिडिओतल्या आकृतीत किरण भलतीकडे वळला असेल, तर तो तसाच पन्नास वह्यांत उतरतो. दुसऱ्या एका बाईंना एक्सेलमध्ये बेरीज लावता येत नाही. पण त्या फेटचं सिम्युलेशन उघडतात, एखाद्या मुलीला पुढे बोलावतात आणि वस्तू हळूहळू नाभीच्या आत सरकवायला लावतात. "आता पडद्यावर प्रतिमा का मिळेना?" एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. वर्गात भांडणं लागतात, आणि आभासी प्रतिमा म्हणजे काय ते त्या भांडणातून कळतं.

या दोघांत साक्षर कोण? सरकारी हिशेबात सर. माझ्या हिशेबात बाई.

(फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत सिम्युलेशन्स. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. बरीचशी मराठीत आहेत.)

इतर शाळांत काय चित्र आहे?

चौथं टेबल

बाई, मी शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. यादी कच्ची म्हणालात ते जरा लागलं.

जनरल रजिस्टरला नाव आडनावापासून सुरू होतं, आधारवर मुलाच्या नावापासून. त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या मनाने केलेलं. पंधराव्या वर्षी आधारचं बायोमेट्रिक पुन्हा करावं लागतं, म्हणजे ऐन नववी-दहावीत. आधार जुळलं नाही तर मूल संच मान्यतेत धरलं जात नाही. मूल धरलं नाही तर पद जातं. एका स्पेलिंगपायी कुणीतरी अतिरिक्त ठरतो, ही गंमत नाही.

आता यात आपला जिल्हा घाला. पेठ-सुरगाण्याकडचे आईबाप द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडला कामाला उतरलेले. मूल आजीकडे. फोन बापाकडे, बाप बागेत, ओटीपी तिथे. तो मला फोनवर आकडे वाचून दाखवेपर्यंत वेळ संपते आणि सगळं पहिल्यापासून. अशा मुलांची माहिती वैध करून दाखवणं ही साक्षरता नाही तर काय आहे? तुमचे ते यू-डायसवाले सर बहुधा माझ्यासारख्याच कुणाचं तरी काम करताहेत, कारण बऱ्याच शाळांत लिपिकाचं पद रिकामं आहे.

पाथर्डी फाटा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

अंतर्वक्र

चौथं टेबल, तुमचं काम हलकं म्हणायचं नव्हतं. तुम्ही जे लिहिलंत ते कौशल्यच आहे, आणि त्याला माणूस नेमायला हवा हेही खरं. माझा मुद्दा शिक्षकाचा आहे. युनेस्कोचा शिक्षकांसाठी एक क्षमता आराखडा आहे, त्याची २०१८ ची आवृत्ती चाळून बघा. सहा पैलू धरलेत: धोरण समजणं, अभ्यासक्रम व मूल्यमापन, अध्यापनपद्धती, प्रत्यक्ष डिजिटल कौशल्यं, संघटन व प्रशासन, आणि स्वतःचं शिकत राहणं. प्रत्येकाच्या तीन पातळ्या, म्हणून एकूण १८ क्षमता. आपण लिंका भरण्याला कितीही मोठं म्हटलं तरी ते सहातल्या एका पैलूच्या कोपऱ्यात बसतं. उरलेल्या पाचांचं आम्हाला कुणी विचारतच नाही.

निवृत्त बाई

अंतर्वक्र, तू वयाने बरीच लहान दिसतेस, म्हणून अगं म्हणते.

आमच्या वेळी एमएस-सीआयटी होतं. २००१ मध्ये सुरू झालं आणि काही वर्षांत शासकीय कर्मचाऱ्यांना, शिक्षकांना सक्तीचं. वेतनवाढ रोखली जाईल या धास्तीने पन्नाशीचे हेडमास्तर कॉलेजच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकले. कोर्स वाईट नव्हता. मला फाईल आणि फोल्डर यांतला फरक तिथेच कळला. पण शिकून शाळेत परत आलो तर शाळेत एकच संगणक, तोही ऑफिसात, कुलपात. सर्टिफिकेट येवल्याच्या पैठणीसारखं घडी घालून ठेवलं. सेवापुस्तकात नोंद करण्यापुरतं बाहेर काढलं.

मग आयसीटी लॅब आल्या. संगणक कंत्राटदाराचे, शिकवणारा मुलगाही कंत्राटावर, करार पाच वर्षांचा. तो मुलगा चांगला होता हो! मुलं त्याच्याभोवती घोळका करून असायची. करार संपला, तो गेला, आणि लॅबमध्ये परीक्षेचे गठ्ठे ठेवायला लागले. तेवढ्या वर्षांत आम्ही विषयशिक्षक लॅबमध्ये किती वेळा पाय ठेवून आलो, ते विचारू नकोस. संगणक हा 'त्याचा' विषय, आमचा नाही, असंच सगळे धरून चालले होते. माझ्या मते खरी गोम इथे आहे. तंत्रज्ञान वेगळ्या खोलीत ठेवलं की ते विषयात येत नाही.

खडूफळा

मी विरोधी बाकावर बसतो. सव्वीस जानेवारीच्या भाषणासारखं 'डिजिटल डिजिटल' ऐकून कान किटलेत. मी भूमिती शिकवतो. कंपासपेटी, पट्टी, रंगीत खडू. माझी मुलं बोर्डात उत्तम गुण घेतात. मला जे तीस सेकंदांत फळ्यावर काढता येतं त्यासाठी प्रोजेक्टर लावा, वायर शोधा, लाइट गेली की शिपायाला हाका मारा, हा खटाटोप कशासाठी?

अंतर्वक्र

खडूफळा सर, तुमच्याकडून फळ्यावरचं वर्तुळ कसं काढायचं ते मला शिकायला आवडेल, माझं बटाट्यासारखं येतं.

एकच उदाहरण देते. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय. फळ्यावर तुम्ही एक कोन काढाल, फार तर दोन. जिओजेब्रा या भूमितीच्या मोफत ॲपमध्ये कंसावरचा बिंदू मूल स्वतः बोटाने ओढतं. बिंदू फिरतोय, भुजा हलताहेत, आणि कोनाचं माप ढिम्म! बिंदू पलीकडच्या कंसावर गेला की माप एकदम बदलतं. "बाई, हे बिघडलं" असं मुलं म्हणतात. तिथे प्रमेयाची सिद्धता मागायला वर्ग तयार झालेला असतो. हे खडूने होत नाही. उलट सिद्धता लिहायची वेळ आली की टीव्ही बंद, खडूच हवा. म्हणजे कुठे वापरायचं नाही हे कळणंसुद्धा साक्षरतेतच आलं.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडलं होतं: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांत जातात तिथे शिक्षक उभा असतो. आमची प्रशिक्षणं फक्त तिसऱ्या वर्तुळात फिरतात. 'बटन कुठे आहे' हे सांगतात, 'कुठल्या धड्याला, का' हे नाही.

खडूफळा

बिंदू ओढायचं मान्य. बघतो. प्रोजेक्टरची वायर मात्र तुम्ही पाठवा.

घाटावरचा मास्तर

सुरगाणा तालुक्यात आहे. शहरातल्या सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडे टेकडीवरच्या एका ठराविक दगडाशी रेंज येते. त्या दगडावर उभं राहून मी ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलंय, फोटो आहे. २०२१ मध्ये निष्ठा २.० हे सरकारी प्रशिक्षण दीक्षा पोर्टलवर माध्यमिक शिक्षकांसाठी आलं, तेव्हापासून सगळ्यांना सवय झाली आहे: व्हिडिओ चालू ठेवायचा, शेवटची प्रश्नावली सोडवायची, प्रमाणपत्र डाउनलोड. प्रश्नावलीची उत्तरं आधीच कुठल्या ग्रुपवर आलेली असतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात शिक्षकांना शिव्या घालण्याआधी रेंजच्या दगडावर पावसात उभं राहून बघा.

मला विचाराल तर आमच्याकडे डिजिटल साक्षरता म्हणजे आधीच भरून ठेवता येणं. नाशिकला मीटिंगला आलो की सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) मित्राच्या वायफायवर सगळं उतरवून घेतो. ई-बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझीलच्या तुलनेवर आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्याची उपग्रहचित्रं फोनमध्ये साठवून आणतो आणि शेजारी आपल्या धरणांची ठेवतो. मुलांनी ब्राझील पाहिलेला नाही, पण नदी वरून कशी दिसते ते बघितल्यावर ती स्वतःच्या गावची नार नदी शोधायला लागतात.

अंतर्वक्र ताई, ते फेटचं इंटरनेटशिवाय चालतं का?

रफार

एक फार बारीक वाटणारी गोष्ट कुणी काढली नाही: मराठी टंकलेखन. आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका अजून हाताने लिहून डीटीपीवाल्याकडे जाते. तो कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप करतो. ती फाईल शाळेच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते फोनवर, मेलमध्ये, कुठेही तसंच दिसतं आणि शोधता येतं. एवढं समजावून सांगितलं की शिक्षकांचे डोळे चमकतात, कारण वर्षानुवर्षं 'आपल्या संगणकात व्हायरस आहे' असं समजून ते गप्प बसलेले असतात.

विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. आणि ज्यांना तेही नको त्यांनी फोनवर बोलून लिहावं. आमचे संस्कृतचे सर आता अख्खी प्रश्नपत्रिका फोनला तोंडी सांगतात. जोडाक्षरं नंतर दुरुस्त करतात, पण डीटीपीवाल्याकडची फेरी वाचली, आणि प्रश्नपत्रिका बाहेरच्या माणसाच्या संगणकावर राहत नाही हा फायदा वेगळाच.

निवृत्त बाई

रफार, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या नातवाला दाखवते.

इतिहासाचं पान

सगळे विज्ञान-गणितवाले दिसताय. आमच्याकडे वेगळाच खेळ चालू आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात स्टाफरूममध्ये पाठ टाचणं एका रात्रीत सुंदर झाली. भाषा इतकी गुळगुळीत की मुख्याध्यापक खूश. तीच मंडळी मुलांचे प्रकल्प 'कॉपी' म्हणून परत करतात, ते असो.

मी मुद्दाम एक उद्योग केला. नाशिकच्या मुलांना स्वतःच्या जिल्ह्याचा इतिहास यंत्राला विचारायला लावला. एका गटाला उत्तर आलं की बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा काळाराम मंदिराच्या दारात केली. वाक्यरचना अशी ठाम की खोटं वाटणारच नाही. मुलांना म्हटलं, आता तारखा शोधा. काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी, नाशिकमध्ये. घोषणा झाली १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला. साडेपाच वर्षं आणि एक तालुका यंत्राने एका वाक्यात गिळला होता. दोन मुलं सार्वजनिक वाचनालयात गेली (१८४० ची संस्था, आपल्याकडे 'सावाना' म्हणतात, पोरांना ठाऊकच नव्हती), एकीचे आजोबा येवल्याचे, त्यांनी घोषणेच्या जागच्या स्मारकाचं, मुक्तिभूमीचं सांगितलं. हाच प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला तर यंत्राने बरोबर उत्तर दिलं! म्हणजे ते कधी चुकेल याचाही भरवसा नाही. मुलांना त्याचंच जास्त नवल वाटलं.

यात मला स्वतःला येत काय होतं? संगणकाचं फारसं काही नाही. इतिहास येत होता, म्हणून चूक दिसली. ज्या विषयात माझा हात कच्चा आहे तिथे मीही त्या गुळगुळीत वाक्याला मान डोलावली असती. म्हणून एआयच्या कार्यशाळेत 'प्रॉम्प्ट कसा लिहावा' हे शिकवतात तेव्हा मला हसू येतं. आधी विषय वाचा म्हणावं.

घाटावरचा मास्तर

+१. शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावा.

नाशिकरोडचा बाप

शिक्षक नाही, पालक आहे, संगणकाच्याच धंद्यात आहे. राग येईल, पण लिहितो.

मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्ख्या वर्गाची एक्सेल फाईल आली होती. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, आईवडिलांचे फोन. सोबत 'कृपया आपापली माहिती तपासून घ्यावी.' साठ घरांत साठ मुलांची कुंडली. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झालाय, त्यात अठराखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येणारी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी, मुलीची जन्मतारीख आणि फोन नंबर हातोहात फिरणं मला नको आहे.

दुसरं, शिक्षकांच्या ग्रुपांवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी) फिरते, कुणीतरी उघडतं, आणि त्याच्या फोनवरून ती सगळ्यांना जाते. खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. हे सगळ्या स्टाफरूमच्या भिंतीवर लिहिलं पाहिजे. मी शाळेत जाऊन अर्धा तास बोलायला तयार होतो; उत्तर मिळालं, 'सध्या लिंका भरायच्या आहेत, नंतर बघू.'

चौथं टेबल

राग नाही आला. ती फाईल माझ्यासारख्याच कुणीतरी टाकली असणार. वरून संध्याकाळी पाचला सांगतात, सहापर्यंत दुरुस्त यादी द्या. साठ पालकांना एकेक ओळ वेगळी पाठवायला बसलं तर साडेपाच वाजतात आणि काम पुढे सरकत नाही. पण तुमचं बरोबर आहे. आम्ही आता आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवतो आणि पालकाला शाळेत बोलावून पडद्यावर त्याचीच ओळ दाखवतो. वेळ जातो, तक्रारी कमी झाल्या.

पाथर्डी फाटा

केरळचं कुणी बोललं नाही अजून? तिथे २००१ पासून आयटी@स्कूल हा सरकारी प्रकल्प, २०१७ मध्ये त्याचीच काइट ही सरकारी कंपनी झाली. शाळांतले संगणक मोफत, खुल्या प्रणालीवर चालतात, प्रशिक्षण मल्याळममध्ये, आणि शिकवणारे बाहेरच्या कंपनीचे नव्हेत, शाळेतलेच शिक्षक. माहिती तंत्रज्ञान हा तिथे दहावीच्या परीक्षेचा विषय आहे. त्यामुळे गणिताचे सर आणि मल्याळमच्या बाई दोघांनाही एकच यंत्र ओळखीचं. आपल्याकडे पाच वर्षांचे करार आणि नंतर गठ्ठे.

खडूफळा

केरळात सगळंच आहे, इथलं काय ते बोला. आमच्याकडे एका मॅडमनी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर थांबायचं ठरवलं. कुणालाही सक्ती नाही, हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही. ज्याला जी अडचण असेल ती आणायची. एकाला फोनमधली जागा भरल्याचं दुखणं, एकीला मुलाखतीच्या रेकॉर्डिंगमधला नको तो भाग कापायचा होता, मला (हो, मलाच) निकालाची टक्केवारी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, ती स्वतःच्या हाताने करायची, मॅडमनी माउसला हात लावायचा नाही हा नियम. त्यांचा तो नियमच कामाचा निघाला. नाहीतर तरुण शिक्षक 'द्या सर, मी करतो' म्हणून करून टाकतात आणि आपण जिथल्या तिथे.

हे मी विरोधी बाकावरूनच सांगतोय.

निवृत्त बाई

विरोधी बाक हळूच इकडे सरकतोय बघा.

इतिहासाचं पान

खडूफळा सर, माउसला हात न लावण्याचा नियम मीही उचलला. मात्र शनिवारी थांबणाऱ्यांना त्याच दिवशी एखादी लिंक भरायला बसवू नये एवढं मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात फक्त मॅडमच उरतील.

अंतर्वक्र

घाटावरचा मास्तर, तुमचा प्रश्न मागे राहिला. हो, चालतं. फेटच्या साइटवर प्रत्येक सिम्युलेशनखाली डाउनलोडचं चिन्ह आहे. एकच फाईल उतरते, ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. भाषांची यादी खाली असते, तिथून मराठीचीच फाईल घ्या, नंतर भाषा बदलायला पुन्हा नेट लागायला नको. भिंगांसाठी भौमितिक प्रकाशिकीचं आहे. नववीच्या 'धाराविद्युत'साठी परिपथ जोडायचं आहे, त्यात मुलांना बॅटरीची दोन्ही टोकं थेट वायरने जोडूही द्या, आग लागल्याचं चित्र येतं आणि शॉर्टसर्किट वेगळं शिकवावं लागत नाही. जिओजेब्राचीही संगणकावर टाकायची आवृत्ती बिननेटची चालते.

घाटावरचा मास्तर

धन्यवाद ताई. परवा जिल्ह्याला आलो होतो, दोन्ही उतरवली. भिंगांची झकास चालली. परिपथाची शाळेच्या जुन्या टॅबवर उघडताना पांढरा पडदा दाखवते. माझ्या फोनवर चालते, पण चाळीस मुलं आणि एक फोन.

रफार

टॅबचा ब्राउझर जुना असणार. तो अद्ययावत होत नसेल तर फायरफॉक्सची त्या अँड्रॉइडला चालणारी आवृत्ती टाकून बघा. तोवर फोन टीव्हीला जोडायची वायर असेल तर तेवढ्यावर भागवा. टीव्ही आहे का शाळेत?

घाटावरचा मास्तर

टीव्ही आहे. वायर खडूफळा सरांनी मागितलेली तीच असेल तर एक माझ्यासाठीही पाठवा.